मीठ कोण चाखणार?

सकाळचे सव्वादहा. मिरजेतल्या एका अरुंद गल्लीतलं स्वयंपाकघर. शेगडीवरच्या मोठ्या पातेल्याचं झाकण निघतं, वाफेचा लोट वर येतो आणि खाला दोन पावलं मागे सरतात. आज विसावा रोजा. पहाटे पाचच्या आधी खाल्लेल्या दोन चपात्या आणि कपभर चहा, एवढ्यावर त्या उभ्या आहेत. आता सूर्य मावळेपर्यंत, म्हणजे पावणेसातच्या सुमारापर्यंत, पाण्याचा घोटही नाही.

"मावशी, या हो. मीठ बघा."

बाजूला कांदा चिरत बसलेल्या मावशी पदराला हात पुसतात, पळीतला दालचा तळहातावर घेतात, फुंकर घालून चाखतात. "मीठ चिमूटभर पाहिजे," त्या म्हणतात. मग जरा थांबून, "आणि आंबट जास्त झालंय."

खालांचा चेहरा उतरतो. त्यांच्या दालच्याबद्दल अशी तक्रार पाच वर्षांत कुणी केली नव्हती. पण पाच वर्षांत त्यांनी एका वेळी साठ माणसांचा दालचा केलाही नव्हता.

गल्लीच्या तोंडाशी, दवाखान्यांकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून असलेल्या एका गाळ्यात खाला आणि त्यांचा मुलगा छोटी खानावळ सुरू करणार आहेत. टेबलं पाच, शेगड्या तीन, माणसं चार. त्या खानावळीची तालीम सध्या रमजानच्या उपाशी दिवसांत चालली आहे, आणि जिची सारी भिस्त चवीवर तिलाच चव घेता येत नाही, अशी ही तालीम आहे.

तशी सवलत आहे. स्वयंपाक करणाऱ्याला गरज असेल तर जिभेच्या टोकाला लावून मीठ पाहावं आणि थुंकून टाकावं, घशाखाली काही जाऊ देऊ नये, इतकं चालतं. खालांना ते ठाऊक आहे. लग्न होऊन सासरी आल्या तेव्हा सासूने पहिल्याच रमजानमध्ये ते सांगितलं होतं. पण इतकी वर्षं त्या रोज्यात वासावर आणि उकळीच्या आवाजावर मीठ ओळखत आल्या, आणि घरच्या पातेल्यात ते कधी चुकलं नाही. साठ माणसांच्या पातेल्याने मात्र त्यांचा अंदाज मोडून काढला.

मिरज हे दवाखान्यांचं गाव. डॉ. विल्यम वानलेस यांनी 1894 मध्ये इथे मिशन हॉस्पिटल सुरू केलं, 1962 मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आलं आणि मधल्या काळात डॉक्टरांच्या पाट्यांनी रस्ते भरून गेले. कर्नाटकातून, कोकणातून, सोलापूरच्या बाजूने पेशंट येतात. पेशंट खाटेवर असतो. त्याच्यासोबत आलेली दोन-तीन माणसं व्हरांड्यात, पायरीवर, झाडाखाली असतात, आणि त्यांना दिवसातून दोनदा भूक लागते. मिरजेच्या सतारीची आणि मीरासाहेब दर्ग्याच्या उरुसातल्या गाण्याची ख्याती देशभर आहे. पण गावातल्या किती चुली या व्हरांड्यातल्या माणसांवर पेटतात, हे मिरजकरांनाच माहीत.

खालांची चूल त्यात आली ती 2020 च्या रमजानमध्ये. टाळेबंदीमुळे हॉटेलं बंद होती. पलीकडच्या घरात भाड्याने राहणाऱ्या नर्स, ज्यांना सगळी गल्ली नुसतं 'सिस्टर' म्हणते, त्या एका दुपारी दारात उभ्या राहिल्या. वॉर्डाबाहेर अथणीकडचं एक कुटुंब सकाळपासून बिस्किटांवर आहे, काही होईल का, असं त्यांनी विचारलं. खालांनी इफ्तारसाठी भिजवलेल्या डाळीतली अर्धी काढून शिजवायला टाकली. त्या दिवशी चार डबे गेले. आज रोज पंचवीस-तीस जातात. खालांचे यजमान रिक्षा चालवतात, तीच रिक्षा साडेअकराला डबे घेऊन निघते.

रमजानमध्ये दुपारी डबे कसे, असं काही जण विचारतात. खालांचं उत्तर साधं आहे. आजाऱ्याला आणि प्रवाशाला रोजा माफ आहे, त्याने तो पुढे सवडीने भरून काढायचा. आणि व्हरांड्यात बसलेल्यांतले निम्मे तर रोजे धरणारे नव्हेतच. आपल्या रोज्यापायी दुसऱ्याने उपाशी राहायचं हे त्यांना पटत नाही. मोहल्ल्यातल्या काही हॉटेलांच्या दाराला रमजानात दिवसा पडदा लागतो. गाळ्याला तसा पडदा लावायचा का, हे त्यांनी अजून ठरवलेलं नाही. पुढच्या वर्षीचं पुढच्या वर्षी, म्हणतात.

मुलगा सव्वीस वर्षांचा. पुण्यात सात वर्षं हॉटेलांत काढली. आधी टेबलं पुसली, मग तंदूरवर हात भाजले, शेवटी मालकाच्या गैरहजेरीत गल्ला सांभाळला. दिवाळीत परत आला तो एक लाख तीस हजार रुपये आणि एक वही घेऊन. वहीत हिशेब होता. खालांकडे डब्यांचे साठवलेले सत्तर हजार होते.

जागा शोधायला तीन महिने गेले. दोन ठिकाणी फोनवर गाळा रिकामा होता. नाव सांगितल्यावर तो कालच दिला गेला होता. मुलगा हे सांगताना फार काही बोलत नाही, पुण्यात खोली शोधताना सवय झाली म्हणतो. खालांना मात्र झोप लागली नव्हती. ज्या गावात आपला डबा कोण कुणाचा न विचारता खाल्ला जातो, त्याच गावात गाळा मिळू नये, याचा त्यांना राग आला होता, आणि तो यावाच असा होता.

मग अण्णांचा गाळा मिळाला. अण्णा रेल्वेतून निवृत्त झालेले, वय सत्तरीपुढचं, घर शुद्ध शाकाहारी. खाली गाळा, वर ते आणि काकू. आधी तिथे झेरॉक्सचं दुकान होतं. 2021 मध्ये काकू आजारी असताना महिनाभर अण्णांना खालांचा बिनकांद्याचा डबा जात होता, म्हणून नाही म्हणायला तोंड उचलेना, असं ते स्वतःच हसत सांगतात. पण हो म्हणतानाही त्यांनी अटी घातल्या. धुराची चिमणी गच्चीच्या वर न्यायची. मटण-कोंबडी गाळ्यात कापायची नाही, साफ करूनच आणायची. शाकाहारी जेवणाची शेगडी, पातेली, पळ्या वेगळ्या. काकूंची अट आणखी एक, एकादशीला खिडकीखाली फोडणी जरा उशिरा टाकायची. सगळ्या अटी मान्य झाल्या. चिमणीला बावीस हजार लागले. शाकाहारी पळ्यांच्या दांड्यांना मावशींनी पिवळी फीत बांधली आहे. त्या शेगडीवर हात त्यांचाच राहणार, हेही ठरलं आहे.

ही वेगळी शेगडी अण्णांच्या अटीमुळे आली खरी, पण धंद्याच्या दृष्टीनेही ती शहाणपणाचीच होती. दवाखान्यात आलेली माणसं अनेकदा उपवास, नवस, पथ्य घेऊनच आलेली असतात. मुलाला पुण्यातल्या अनुभवामुळे बिर्याणीचं हॉटेल काढायचं होतं. खालांचं म्हणणं होतं की ज्याचा बाप आयसीयूत आहे तो बिर्याणी मागत नाही, तो वरण-भात मागतो. यादीवर आठवडाभर वाद झाला आणि शेवटी एका पाटीवर मावेल इतकीच यादी उरली. वरण-भात, चपाती-भाजी, दालचा आणि भात, चिकन अख्नी, आणि शुक्रवार-रविवार मटण. सकाळी खिमा-पाव. बस्स.

अख्नी म्हणजे बिर्याणीची साधी बहीण. मांस मसाल्यासह शिजवायचं, त्याच्याच पाण्यात तांदूळ टाकायचा, थर नाहीत, केशर नाही, बारीक आचेवर दम द्यायचा. कोल्हापूर-मिरजेकडच्या मुस्लिम घरांत पाहुणा अचानक आला की अख्नीच होते. ती सोपी वाटते, आणि म्हणूनच मोठ्या भांड्यात फसते.

पहिली तालीम चौथ्या रोज्याला झाली. खालांनी घरचंच माप सहापट केलं. तांदूळ सहापट, पाणी सहापट, मीठ-मसाला सहापट. झाकण उघडलं तर खाली लगदा आणि वर खारट. मुलाला कारण माहीत होतं. मोठ्या पातेल्यात तांदळाच्या मानाने वाफ कमी उडते, म्हणून पाणी त्या हिशेबात वाढवायचं नसतं. मीठ आणि गरम मसाला तर आधी कमीच घालायचे, मग वाढवायचे. त्याने वजनकाटा आणला, डिजिटल. खाला त्याच्याकडे संशयाने बघत राहिल्या. आयुष्यात त्यांनी मीठ तोललं नव्हतं. मुलगा म्हणाला, "अम्मी, तू आजारी पडलीस तर त्या दिवशी अख्नी कुणाच्या हाताची? काट्यावर असली तर मावशीही करतील." हे ऐकून त्या गप्प झाल्या. मग रोज सकाळी आधी आपल्या हाताने मूठ भरायची, मग ती काट्यावर टाकायची आणि मुलाने वहीत लिहायचं, असं सुरू झालं. खालांची एक मूठ धने बावीस ग्रॅमची निघते, जवळजवळ प्रत्येक वेळी. मुलाने ते तीनदा तपासून पाहिलं आणि वहीत शेजारी उद्गारचिन्ह काढलं.

तालमीचं जेवण इफ्तारला संपायचं. घरचे, शेजारचे, गाळ्यात फरशी बसवणारे दोघे मिस्त्री. पण इफ्तारवाल्यांच्या मतावर काही ठरवता येत नाही, हे चार दिवसांत कळलं. चौदा तास उपाशी असलेल्या माणसाला खजुरानंतर दिलेला पहिला घास कसाही असो, अप्रतिमच लागतो. लगद्याची अख्नीही सगळ्यांनी वाखाणली होती! म्हणून आता खरा निकाल दुपारी लागतो. मावशी, शेजारच्या टेलरकाका आणि त्यांच्या दुकानातली दोन पोरं, आणि शाकाहारी पदार्थांना अण्णा. रोजा न धरणाऱ्या या परीक्षकांचं मत वहीत लिहिलं जातं. टेलरकाकांनी बाराव्या रोज्याला 'मसाला दातात येतो' असं लिहवलं, तेव्हापासून खडा मसाला पुरचुंडीत बांधून टाकतात.

वजनकाट्याने आणखी एक गोष्ट उघड केली, आणि ती खालांना जास्त लागली. एका प्लेट अख्नीला सव्वाशे ग्रॅम तांदूळ, तितकीच कोंबडी, तेल, दही, कांदा, मसाला, गॅस, सोबतचा कांदा-लिंबू मिळून पासष्ट रुपये जातात. डब्यात तीच अख्नी त्या ऐंशीला देत आल्या. म्हणजे डब्यामागे पंधरा सुटत होते. गाळ्यात त्याच प्लेटवर भाड्याचे सहा रुपये बसतात, कारण महिन्याला नऊ हजार भाडं आहे आणि दिवसाला साठ प्लेटा धरल्या आहेत. मावशी आणि भांडी घासणारा पोरगा यांच्या मजुरीचे सोळा-सतरा, दिवे-पाणी-साबणाचे चार. प्लेट नव्वदीच्या पुढे जाते. एकशे वीसला विकली तरच काही हातात राहतं, आणि तेही साठ प्लेटा खपल्या तर.

"एकशे वीस?" खाला म्हणाल्या. "दवाखान्यातली माणसं आहेत ती."

"अम्मी, पाच वर्षं तू स्वतःची मजुरी धरलीच नाहीस," मुलगा म्हणाला. "तू फुकट राबलीस, म्हणून ऐंशीला परवडलं."

त्या रात्री तरावीहची नमाज होऊन माणसं परतली तरी खाला ओट्याशी वहीवरच्या आकड्यांवर बोट फिरवत बसल्या होत्या. त्यांना आकडा खोटा म्हणायचा नव्हता. तो इतकी वर्षं दिसला कसा नाही, याचं त्यांना नवल वाटत होतं.

एकूण खर्च तीन लाख चाळीस हजारांवर गेला. जवळ होते दोन लाख. उरलेल्या एक लाख चाळीस हजारांसाठी मुलाने मुद्रा कर्जाचे कागद तयार केले होते. पन्नास हजारांपर्यंत 'शिशु', त्यापुढे पाच लाखांपर्यंत 'किशोर', त्यामुळे रक्कम किशोरमध्ये बसत होती. सही करायची तेवढी बाकी होती. खालांनी व्याजाच्या पैशाने चूल पेटवायला नकार दिला. मौलानांना विचारायला मुलगाच गेला. उत्तर काय येणार ते त्याला ठाऊक होतं, तरी गेला. परत आल्यावर त्याने आईला सांगितलं की रस्त्यावरचं प्रत्येक दुकान कर्जावर उभं आहे, आणि बिनव्याजी देणारा कुणी असेल तर त्याने पुढे यावं. त्याचं बोलणं कडू होतं, पण वावगं नव्हतं. व्याज नको म्हणणाऱ्या समाजात बिनव्याजी पैसा वेळेवर उभा करण्याची सोय किती आहे, हा प्रश्न मशिदीतल्या प्रवचनांत क्वचितच निघतो.

इथे कामी आली ती गल्लीतल्या बायकांची भिशी. बाराजणी, महिन्याला पाच हजार, चिठ्ठी टाकून. लिलावाची भिशी नव्हे, त्यामुळे कुणी कुणाचं खात नाही. जिची चिठ्ठी निघेल तिला साठ हजार. मार्चची चिठ्ठी सिस्टरांची निघाली. त्यांना त्या पैशातून घराच्या छताचे पत्रे बदलायचे होते. त्यांनी नंबर खालांना दिला. त्यांचाही उपवासकाळ सुरू आहे, 5 मार्चला राखेचा बुधवार झाला, ईस्टर 20 एप्रिलला. खालांनी पत्र्यांचं विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, पाऊस जूनमध्ये येतो, माझा नंबर मेमध्ये लावा म्हणजे झालं. त्यात उपकाराची भाषा नव्हती, आणि मेमध्ये नंबर लावायचं बायकांनी तिथल्या तिथे वहीत लिहिलं.

इचलकरंजीला माग चालवणाऱ्या खालांच्या भावाने चाळीस हजार कर्ज-ए-हसना म्हणून दिले. परत करायचे, पण वर एक रुपया नाही. भाऊ असूनही कागद झाला, दोन साक्षीदारांच्या सह्या झाल्या. देणं-घेणं लिहून ठेवा हा कुराणातलाच आदेश आहे. नात्यात लिहिणं म्हणजे अविश्वास असं समजून लोक तो बाजूला ठेवतात आणि मग तेच लोक तोंडं फिरवून बसतात. खालांनी ते आपल्या घरात एकदा पाहिलेलं आहे.

तरीही चाळीस हजार कमीच. यजमान रिक्षा विकायला निघाले. त्यांना घरातल्या सगळ्यांनी मिळून अडवलं. डबे काय डोक्यावर न्यायचे? त्याऐवजी अडतीस हजारांचा डीप फ्रीजर यादीतून गेला. कर्ज न घेण्याचीही किंमत असते, ती इथे फ्रीजरच्या रूपाने मोजली गेली. फ्रीजर नाही म्हणजे उद्याचं मांस आज आणता येणार नाही, उरलेलं ठेवता येणार नाही. पहाटे बाजारात जाऊन त्या दिवसापुरतंच आणायचं आणि संपलं की संपलं म्हणायचं. मटण रोज न ठेवता शुक्रवार-रविवारी ठेवण्याचं खरं कारण हेच आहे. किलोला सातशेच्या पुढे गेलेलं मटण उरलं तर दिवसाची कमाई त्यात जाते.

त्यात रमजान म्हणजे जकातीचा हिशेब. साडेबावन तोळे चांदीच्या किमतीएवढी किंवा त्याहून अधिक शिल्लक वर्षभर ज्याच्याकडे आहे, त्याने अडीच टक्के गरजूंना द्यायचे. भांडी, शेगड्या, टेबलं ही धंद्याची अवजारं. त्यांच्यावर जकात नाही. ती आहे रोख रकमेवर आणि विकायच्या मालावर. मुलाने भांड्यांचा वीस हजार विसार आधीच दिला होता. पहिल्या रोज्याला त्याच्याकडे एक लाख दहा हजार होते, आईकडे सत्तर हजार. दोघांची मिळून साडेचार हजार जकात निघाली. हे पैसे हॉटेलसाठी बाजूला काढलेले आहेत, त्यांच्यावर जकात कशी, असं मुलगा एकदा पुटपुटला. पैसा कशासाठी ठेवलाय ते विचारत नाहीत, ठेवलाय का ते विचारतात, असं म्हणून यजमानांनी विषय संपवला. साडेचार हजार गेले. मूळ यादीत सहा टेबलं होती, ती पाच झाली.

कागदपत्रांचं काम त्या मानाने हलकं निघालं. एका एजंटाने अन्नपरवान्याचे अडीच हजार सांगितले होते. तेव्हाच्या नियमाने वार्षिक उलाढाल बारा लाखांच्या आत असेल तर परवाना नव्हे, नुसती नोंदणी लागायची, तिची सरकारी फी वर्षाला शंभर रुपये होती आणि अर्ज मोबाइलवरून भरता यायचा, हे मुलाला पुण्यात कळलं होतं. त्याने स्वतः भरला. चौदा आकडी नंबर आला, तो दर्शनी भागात लावायचा आहे. दहापेक्षा कमी कामगार असल्याने दुकान कायद्याखाली ऑनलाइन सूचना दिली की काम झालं. पाण्याची तपासणी झाली. घरगुती सिलिंडर चालत नाही, एकोणीस किलोचे व्यावसायिक दोन घ्यावे लागले. अडलं ते एकाच ठिकाणी. अन्न हाताळणाऱ्यांची वैद्यकीय तपासणी आणि टायफॉइडची लस. "पाच वर्षं दवाखान्याला जेवू घालते, आता दवाखाना मला तपासणार?" म्हणून खाला रुसल्या. सिस्टरांनी हाताला धरून नेलं. सगळे रिपोर्ट चांगले आले, फक्त रक्त कमी. सिस्टरांनी सहेरीला खजूर वाढवायला सांगितले आहेत.

उद्घाटनाचा दिवस ठरवताना पंचांग आणि चंद्र दोन्ही मध्ये आले. मुलाचं म्हणणं ईदनंतर निवांत. अण्णांचं म्हणणं, 30 मार्चला गुढीपाडवा आहे, साडेतीन मुहूर्तांतला, तो सोडून पुढे कशाला जायचं? 30 मार्च म्हणजे एकोणतिसावा रोजा. हॉटेल उघडणारे मालकच दिवसभर उपाशी! यावर घरात खूप हसणं झालं. पण खालांनी वेगळाच विचार केला होता. सणाच्या दिवशी आसपासच्या खानावळी बंद असतात. घरोघरी श्रीखंड-पुरी होते, पण दवाखान्यांना सुट्टी नसते, व्हरांडे भरलेलेच असतात. पाडव्याला त्यांना जेवण मिळायची सगळ्यात जास्त अडचण. म्हणून पाडवाच. त्या दिवशी फक्त शाकाहारी, मावशींच्या शेगडीवरचं. गुढी वर अण्णांच्या खिडकीला उभी राहील, खाली चूल पेटेल.

आणि त्याच संध्याकाळी चंद्र दिसला तर सोमवारी 31 तारखेला ईद. म्हणजे हॉटेल दुसऱ्याच दिवशी बंद. अण्णांना हे अजिबात पटलेलं नाही. "भाभी, उघडून दुसऱ्या दिवशी कुलूप? गिऱ्हाईक काय म्हणेल?" खालांनी मधला मार्ग काढला आहे. गाळा बंद, पण दुपारचे डबे नेहमीसारखे जातील, प्रत्येकात वाटीभर शिरखुर्मा. चंद्र नाही दिसला तर तिसावा रोजा, आणि मग सोमवारी खानावळ चालू, मंगळवारी बंद. अण्णांनी दोन्ही शक्यता कॅलेंडरवर पेन्सिलीने लिहून ठेवल्या आहेत.

शुक्रवारचाही प्रश्न होता. जुम्म्याची नमाज दुपारी असते, नेमकी जेवणाच्या गर्दीच्या वेळी. मुलगा आणि यजमान मशिदीत जाणार, मग गल्ल्यावर कोण? मावशींना नोटा मोजायचा कंटाळा. यावर अण्णांनी, कुणी न विचारता, रेल्वेत छत्तीस वर्षं तिकिटांचा हिशेब ठेवल्याची आठवण करून दिली. दर शुक्रवारी एक ते दोन ते गल्ल्यावर बसणार आहेत. मोबदला म्हणून त्यांनी एक कप चहा मागितला आहे, आणि काकूंना न सांगता त्यात साखर.

परवा संध्याकाळी पाटी रंगवायला पेंटर आला. मराठी अक्षरं इतर कुठल्याही लिपीपेक्षा लहान नकोत असा नियम आहे. खालांनी इतर लिपी लावलीच नाही. खानावळीला घरच्यांनी तीन नावं सुचवली, एकही ठरलं नाही. दवाखान्यात सगळे 'खालांचा डबा' म्हणतात, तेच बहुधा राहील. पण आधी दरपत्रक रंगवायचं होतं, ते भिंतीवर सुरू झालं.

मुलाने 'आज रोख, उद्या उधार' अशी ओळ शेवटी टाकायला सांगितली होती. खालांनी ती काढायला लावली. डब्याच्या वहीत आजही अकरा नावांपुढे पैसे येणे आहेत. त्यातल्या चौघांचे पेशंट वाचले नाहीत. ते पैसे कुणी मागायचे? मुलगा म्हणाला, तेव्हा भाडं नव्हतं, आता आहे, एका महिन्यात बारा जणांची उधारी झाली तर मावशींचा पगार कुठून द्यायचा? मावशी तिथेच लसूण सोलत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

चिकन अख्नीपुढे 120 लिहून झालं. दालचा-भात 70. खिमा-पाव 60. चपाती-भाजी 60. पेंटर सगळ्यात वरच्या ओळीकडे आला. वरण-भात. "किती लिहू?"

"पन्नास," मुलगा म्हणाला.

"तीस," खाला म्हणाल्या.

पेंटर शिडीवर ब्रश धरून थांबला. वहीतल्या हिशेबाने वरण-भाताची प्लेट एकेचाळीसला पडते. मुलाने तेवढं एकदा सांगितलं, पुन्हा नाही. खालांनीही काही सांगितलं नाही. बाहेर उजेड उतरत आला होता, समोरच्या घरातून भजी तळल्याचा वास येत होता, आणि यजमान खजुराची पिशवी घेऊन रिक्षातून उतरत होते. पेंटर म्हणाला, अजान होईल आता, मी उद्या येतो, तोवर ठरवा. त्याने ब्रश डब्यात बुडवला आणि शिडी भिंतीला लावून ठेवली. वरण-भाताच्या पुढची जागा अजून कोरी आहे.